जिव्हाळ्याच्या वर्गात पहिला

गेल्या वर्षी अग्निशमन दलाला सगळ्यात मोठी आग जिथे लागली तिथे बंब पाठवायची सोय नव्हती. ती दलाच्याच वसाहतीत लागली, मोठ्या शिडीच्या गाडीवरच्या ड्रायव्हरच्या घरात. त्याची बायको एका स्टेशन ऑफिसरबरोबर निघून गेली. जाताना टीव्ही ठेवून गेली. त्यावरून ती घाईत होती असं काहींचं मत पडलं, आणि तिला टीव्हीची गरज उरली नव्हती असं बाकीच्यांचं. पाठोपाठ आणखी दोन संसार मोडले. तेव्हा वरिष्ठांनी एक समिती नेमली. आपल्या माणसांना आग विझवायचं शिक्षण देतात, संसाराचं कुणी देत नाही, असं समितीच्या ध्यानात आलं. म्हणून दर शनिवारी दुपारी वैवाहिक जिव्हाळा कौशल्य वर्ग सुरू झाला. लग्न झालेल्या प्रत्येकानं जोडीदारासह हजर राहायचं. जिव्हाळा सक्तीचा होता.

माझा नवरा कंट्रोल रूममध्ये आहे. पूर्वी गाडीवर जायचा. एका पडक्या जिन्यात गुडघा गेला तेव्हापासून फोनवर बसवला, आणि तेव्हापासून दलात सगळे त्याला 'कंट्रोल'च म्हणतात. काम असं : फोन उचलायचा, समोरचा ओरडेल ते ऐकायचं, ऐकलं ते शब्दाला शब्द परत म्हणायचं, शेवटी 'बरोबर?' विचारायचं आणि गाडी सोडायची. घाबरलेला माणूस स्वतःच्या घराचा पत्तासुद्धा चुकीचा सांगतो. आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की भानावर येतो. या कामात नवऱ्याची चूक झाल्याचं कुणाला आठवत नाही.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात, आम्ही त्यावरून दात करतो. परक्या माणसाच्या जबड्यात दिवसभर डोकं घालून बसायचं म्हणजे बोलायला कुणी लागत नाही. संध्याकाळी लागतं.

वर्ग प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये भरायचा. तिथे रबरी पाइपांचा वास यायचा, आणि तोंडाने श्वास द्यायचा सराव करायला ठेवलेले कमरेपर्यंतचे प्लास्टिकचे पुतळे कोपऱ्यात तोंडं उघडी टाकून पडलेले असायचे. वर्गात सगळ्यात मन लावून तेच ऐकायचे. शिकवणाऱ्या मॅडमचा आवाज मऊ आणि चपलाही मऊ, त्यामुळे त्या पाठीमागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळायचं नाही. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं : बाहेरचं माणूस घरात दारातून शिरत नाही, घरात न ऐकलेल्या वाक्यातून शिरतं. शिडीवरचा ड्रायव्हर हे वाक्य प्रत्येक वेळी खाली मान घालून ऐकायचा. कागदोपत्री तो अजून विवाहित असल्यामुळे त्यालाही यावं लागे. त्याच्या समोरच्या खुर्चीवर मॅडमनी एक पुतळा आणून ठेवला होता.

पहिला धडा स्पर्शाचा होता. एकमेकांचा हात हातात घ्यायचा आणि काही न बोलता बसायचं. नवऱ्यानं माझं मनगट धरलं. जरा वेळानं म्हणाला, "ठोके ठीक आहेत."

"सुरुवात म्हणून छान," मॅडम म्हणाल्या.

दुसरा धडा ऐकण्याचा. एकानं मनातलं सांगायचं. दुसऱ्यानं मधे न बोलता, सफाई न देता, सल्ला न देता ते जसंच्या तसं परत म्हणायचं आणि बरोबर ऐकलं का ते विचारायचं. बंबाच्या पंपावरच्या माणसाला त्याची बायको म्हणाली, "तुम्ही माझ्या आईशी धड बोलत नाही."

"तुझी आई तरी कुठे धड बोलते?"

"परत म्हणायचंय," मॅडम म्हणाल्या.

"तुझी आई तरी कुठे धड बोलते?"

मग आमची पाळी आली. मी म्हटलं, "घरात काय संपलंय, काय बिघडलंय, ते सगळं मलाच दिसतं. त्याचा कंटाळा येतो."

नवरा ताठ बसला. त्याचा आवाज बदलला. ड्युटीवरचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. शांत, खालचा, भरवशाचा. "घरात काय संपलंय, काय बिघडलंय, ते सगळं तुलाच दिसतं. त्याचा तुला कंटाळा येतो. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

मॅडमनी डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांत असा विद्यार्थी पाहिला नाही, म्हणाल्या. पंपावरच्याची बायको माझ्याकडे अशी बघत राहिली जणू मी तिच्या डोळ्यांदेखत सोन्याची बांगडी घातली. खरं सांगायचं तर त्या दिवशी मीही भारावले होते. घरी आल्यावर बघते तर नळ तसाच गळत होता.

त्यानंतर नवरा वर्गाचा नमुना झाला. काही दाखवायचं असलं की मॅडम म्हणायच्या, "कंट्रोल, जरा पुढे या." आणि घरी त्याला हे काम इतकं आवडलं की तो ते सोडेना.

"मी दमलेय."

"तू दमलीस. बरोबर?"

"बरोबर."

यानंतर गाडी सुटायला हवी. ती सुटायची नाही. ऐकलं, परत सांगितलं, काम झालं. तो समाधानानं पेपर उचलायचा.

"अहो, मी दमलेय म्हणजे चहा तुम्ही करा."

"चहा मी करायचा. बरोबर?"

चहा यायचा. तो कधीच नाही म्हणत नव्हता, हीच तर अडचण होती. भांडावं तर माझंच वाक्य माझ्यासमोर स्वच्छ पुसून ठेवलेलं. आपल्याच वाक्याशी कोण भांडणार?

घरचा अभ्यासही असायचा. कामाला निघताना मिठी मारायची. त्याचा एक हात आपोआप माझ्या काखेखाली जायचा आणि दुसरा गुडघ्यामागे जायला निघायचा. धुरातून माणूस काढायची जुनी सवय. मग शयनगृहाचा धडा आला. तो शिकवताना मॅडमनी हॉलच्या खिडक्या लावून घेतल्या. एकमेकांना काय आवडतं ते विचारा, लाजू नका, अंधार करून तर मुळीच विचारू नका, असं सांगितलं. रविवारी दुपारी नवऱ्यानं पलंगाच्या कडेला बसून ड्युटीच्या आवाजात विचारलं, "तुला काय आवडतं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. अडखळत, भिंतीकडे बघत, पण सांगितलं.

"तुला घाई केलेली आवडत नाही. आणि आधी थोडं बोललेलं आवडतं. बरोबर?"

"बरोबर."

तो थांबला. मीही थांबले. थोडं बोलायचं होतं, आणि ते त्यानं नुकतंच बोलून दाखवलं होतं. शेवटी त्यानं पंख्याचा आवाज येतोय का असं विचारलं आणि स्टूल आणून पंखा बघितला.

नणंदेचा फोन आला. "वहिनी, दादा वर्गात पहिला म्हणे. नशीब काढलंस. आमचे हे नुसतं 'हं' म्हणतात, तेही पेपरातून."

"त्या 'हं'मध्ये निदान ते स्वतः असतात."

"काय?"

"काही नाही. नळवाल्याचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

याच दिवसांत आमच्या लॅबची भट्टी बिघडायला लागली. चिनीमातीचे दात त्या भट्टीत भाजतात. तापमान जरा चढलं की दात काचेसारखे दिसतात आणि डॉक्टर ओरडतात. ती दुरुस्त करायला एक माणूस यायचा. आम्ही त्याला भट्टीवाला म्हणायचो. दिसायला काही विशेष नाही. केस विरळ, चष्मा दोरीला बांधलेला. पहिल्यांदा मला मॅडम म्हणायचा. पुढे काहीच म्हणेनासा झाला. बाईच्या लक्षात ही गोष्ट लगेच येते.

एक दिवस भट्टी थंड व्हायची वाट बघत आम्ही चहा पीत होतो. तो म्हणाला, "तुम्ही कप डाव्या हातात धरता हल्ली. उजवा अंगठा दुखतो का?"

दात घडवताना मेण कोरून कोरून दुखत होता. मी कुणाला बोलले नव्हते, कारण बोलले असते तर घरून 'तुझा अंगठा दुखतो, बरोबर?' एवढं आलं असतं. मी हो म्हटलं. त्यावर त्यानं काही केलं नाही. "हं," म्हणाला, आणि पुढच्या वेळी माझ्या कोरणीच्या दांड्याला जाड रबर बसवून दिलं. तेवढंच. पण त्या आठवड्यात भट्टी बिघडायची मी वाट बघितली, हे मला स्वतःला कळलं.

मग बुधवारी तो म्हणाला, "पुढच्या गावात नव्या भट्ट्यांचं प्रदर्शन आहे. शनिवारी याल? दुपारपर्यंत बघून होईल. नंतर तिथे एक तळं आहे म्हणे."

भट्ट्या बघायला कुणी तळ्यावर जात नाही, एवढं मला कळतं. "शनिवारी माझा वर्ग असतो," मी म्हटलं.

"कसला?"

"नवऱ्याशी जवळीक कशी वाढवावी याचा."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "प्रदर्शन दोन आठवडे आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी?"

"तोही वर्ग आहे. शेवटचा."

"मग विचार करून सांगा," तो म्हणाला. "त्या शेवटच्या शनिवारी सकाळी नऊची बस आहे. मी स्टँडवर असेन."

मी विचार केला. माझं लग्न मोडायचं नव्हतं आणि मला तळ्यावर जायचं होतं. दोन्ही एकदम खरं होतं. मॅडमचं म्हणणं खरं असेल तर इलाज एकच होता : वाक्य घरात ऐकवायचं.

लगेचच्या शनिवारचा धडा होता, 'आजवर न सांगितलेली गोष्ट'. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, कुणाला संकोच वाटत असेल तर सरावापुरतं कल्पनेतलं वाक्य घ्या. पंपावरच्याच्या बायकोनं आपल्याला त्याची मिशी आवडत नाही असं सांगितलं. ते कल्पनेतलं नव्हतं. मग मॅडम म्हणाल्या, "कंट्रोल, पुढे या."

आम्ही समोरासमोर बसलो. नवरा ताठ, हात मांडीवर. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "कामावर एक माणूस येतो. त्याच्याशी बोलताना मला बरं वाटतं. त्यानं मला त्याच्याबरोबर बाहेरगावी बोलावलंय, आणि मला जावंसं वाटतंय."

नवऱ्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"कामावर एक माणूस येतो," तो त्या शांत, भरवशाच्या आवाजात म्हणाला. "त्याच्याशी बोलताना तुला बरं वाटतं. त्यानं तुला त्याच्याबरोबर बाहेरगावी बोलावलंय, आणि तुला जावंसं वाटतंय. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

टाळ्या पडल्या. मॅडम उठून मधे आल्या. "बघा," त्या म्हणाल्या, "कल्पनेतलं का असेना, असलं वाक्य ऐकून हा माणूस भडकला नाही, उठून गेला नाही. याला म्हणतात सुरक्षित घर." मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, नीट ऐकू आलं नाही. "कंट्रोल, जरा मोठ्यानं," मॅडम म्हणाल्या. त्यानं मोठ्यानं म्हटलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पुन्हा टाळ्या.

एकाच माणसानं टाळी वाजवली नाही. चहाच्या वेळी तो शिडीवाला माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "वहिनी, ते सरावाचं नव्हतं ना?"

मी कपात बघत राहिले.

"आमच्या हिनंही मला सांगितलं होतं म्हणे," तो म्हणाला. "मी टीव्ही बघत होतो. मला वाटायचं, ऐकलं असतं तर वाचलो असतो." त्यानं माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तो पंपावरच्याला वाक्य परत म्हणताना श्वास कुठे घ्यायचा ते समजावत होता. "आता काही कळेनासं झालंय," शिडीवाला म्हणाला आणि आपल्या पुतळ्याकडे परत गेला.

स्कूटरवरून घरी येताना नवरा काही बोलला नाही. सिग्नलला थांबला, इंडिकेटर दिला, वळला. घरी येऊन चपला जागेवर ठेवल्या. मी म्हटलं आता बोलेल. त्यानं टॉर्चमधले सेल काढून उलटे घालून बघितले. रविवार गेला, सोमवार गेला. मिठी मात्र रोज मारत होता. अभ्यास चुकवला नाही.

गुरुवारी संध्याकाळी माझा संयम संपला. "शनिवारी मी काय म्हणाले?"

त्यानं ताबडतोब सांगितलं. तिन्ही वाक्यं, त्याच क्रमानं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे?"

"अहो, त्याचा अर्थ काय?"

तो हळूच म्हणाला, "आम्हाला अर्थ लावायचा नसतो. बाई रडत असते, मागे पोरं ओरडत असतात. त्यात मन घातलं की पत्ता चुकतो. शब्द तेवढे धरायचे."

"हे घर आहे. इथला पत्ता तुम्हाला ठाऊक आहे."

"मला वाटलं, सरावाचं वाक्य आहे."

"खरंच वाटलं?"

"पहिल्यांदा म्हटलं तेव्हा वाटलं," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हणायला लावलं तेव्हा नाही वाटलं. तुला असं खोटं सुचत नाही."

"मग गेले पाच दिवस?"

"काय बोलायचं ते कळेना. मॅडम म्हणतात मधे बोलायचं नाही, सफाई द्यायची नाही, सल्ला द्यायचा नाही. मग राहतं काय?"

मला इतका राग आला की रडूही येईना. माझा नवरा सगळं ऐकून, समजून, मिठ्या मारत हिंडत होता. "मी शनिवारी जाणार आहे," मी म्हटलं.

त्यानं तोंड उघडलं. मी वाट बघत होते : 'तू शनिवारी जाणार आहेस, बरोबर?' ते आलं असतं तर मी खरोखर गेले असते, आणि मनात काही ठेवून गेले नसते.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

"का?"

"जाऊ नकोस म्हणजे नकोस. कोण आहे तो?"

"आता विचारताय?"

"आता विचारतोय. दातांचा डॉक्टर आहे का?"

"भट्टी दुरुस्त करतो."

"भट्टी?" तो म्हणाला. हे त्याला डॉक्टरपेक्षा जास्त लागलं असावं. "भट्टी मलाही येते दुरुस्त करता."

"तुम्हाला नळ येत नाही."

मग जे झालं त्याला मॅडमच्या वर्गात शून्य गुण मिळाले असते. तो मधे बोलला. मी मधे बोलले. त्यानं सफाई दिली, सल्ला दिला, माझ्या आईचा विषय काढला. मी त्याच्या बहिणीचा काढला. त्यानं माझी निम्मी वाक्यं चुकीची ऐकली आणि चुकीच्या वाक्यांवर मनापासून चिडला. ते शुक्रवारीही चाललं, अधूनमधून कामावर जाऊन येऊन. मधेच एकदा तो म्हणाला, गुडघा गेल्यापासून आपल्याला घरात नुसतं बसवून ठेवलंय असं त्याला वाटतं. हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. मी ते परत म्हटलं नाही. "मग इतके दिवस तोंडाला काय झालं होतं?" एवढंच म्हटलं. मऊ बोलायची माझी तयारी नव्हती.

शनिवारी सकाळी साडी इस्त्री करून मी पलंगावर ठेवली. कुठे जायला, ते मलाच ठरवता येईना. वर्गाला दलाचे प्रमुख स्वतः येणार होते. नवऱ्यानं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. त्यानं गणवेश बाहेर काढला नव्हता. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"तो स्टँडवर थांबेल?"

"थांबेल."

"किती वेळ?"

"बस सुटेपर्यंत. मग पुढचीही बघेल, तसा माणूस आहे."

हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. वाईट माणूस असता तर त्याला सोपं गेलं असतं. मलाही.

"फोन कर त्याला," तो म्हणाला. "ये म्हण, नको म्हण, तुझं तू ठरव. पण माणसाला ताटकळत ठेवू नये."

"तुम्ही बाहेर जा."

तो बाहेर गेला. दार लोटलं, पण त्याची सावली फटीखाली तशीच होती. मी फोन लावला. भट्टीवाल्यानं पहिल्याच घंटेला उचलला. मागे बसचे हॉर्न ऐकू येत होते. मी म्हटलं, मी येत नाही. आज नाही, आणि नंतरही नाही. त्यानं कारण विचारलं नाही. "बरं," म्हणाला. "भट्टीला आता दुसऱ्याला पाठवतो." आणि फोन ठेवला. मी खुर्चीवर बसले. जिंकल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. चांगल्या माणसाला नऊच्या बसला एकटं चढवलं होतं, आणि त्याच्या बदल्यात घरात काय उरलंय ते दाराबाहेर उभं होतं.

दार उघडलं. नवरा आत आला.

"काय झालं?"

"बाहेर उभं राहून सगळं ऐकलंत की."

"ऐकलं," तो म्हणाला. स्टूल ओढून माझ्यासमोर बसला. ताठ नाही, दुखरा पाय लांब करून. "तरी तू सांग."

मी सांगायला लागले. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तो मधे बोलला.